अडीच घटकांची मिसरयात्रा

मुक्ताईनगरच्या परिसरातील माणूस घराबाहेर पडतो तो देवासाठी, बाजारासाठी अथवा कोर्टकचेरीच्या कामासाठी, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. आषाढीच्या महिनाभर आधी मुक्ताईची पालखी निघाली म्हणजे पंढरपूरची वाट धरावी, केळीच्या भावाची चौकशी करावयाची तर रावेर-सावद्याकडे जावे, आणि दाव्याची तारीख असेल तर भुसावळ-जळगाव गाठावे. निव्वळ करमणुकीसाठी, तीही स्वतःच्याच बुद्धीला शीण देणाऱ्या करमणुकीसाठी, रात्रभराचा प्रवास करून आणि पदरचे पैसे मोजून एका बंद खोलीत कोंडून घ्यावे, ही गोष्ट आमच्या वडीलधाऱ्यांना सांगितली असती तर त्यांनी प्रथम आमची प्रकृती विचारली असती. परंतु शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेलेल्या मुलामुलींबरोबर हा प्रकार आता आमच्या बोलण्यात आला आहे. त्याला सर्वत्र ‘एस्केप रूम’ म्हणतात, आणि त्याच्या नाना रूपांपैकी जगभर सर्वांत लोकप्रिय ठरलेले एक रूप म्हणजे इजिप्तच्या फॅरोचे थडगे.

या खेळाचे स्वरूप थोडक्यात असे. चार ते आठ माणसांची एक टोळी, बहुधा मित्रांची अथवा एका कुटुंबातील, एका सजविलेल्या दालनात शिरते. दालनाला एक कथा असते. येथे ती अशी की, उत्खनन करणारा एक संशोधक थडग्यात नाहीसा झाला असून त्याची टिपणवही, त्याची पेटी आणि त्याने अर्धवट सोडविलेली कोडी मागे राहिली आहेत. भिंतींवरची चित्रे, कोनाड्यांतील भांडी, कुलपे, तराजू, दोऱ्या आणि अक्षरे यांच्यातून अर्थ काढीत एकेक दार उघडावयाचे आणि साठ मिनिटांच्या आत, म्हणजे जुन्या हिशेबाने बरोबर अडीच घटकांत, अखेरच्या दालनातून बाहेर पडावयाचे. बळाचा वापर निषिद्ध असतो, आणि बाहेरचे ज्ञान फारसे लागत नाही. लागते ते लक्ष, आणि लक्षात आलेली गोष्ट दुसऱ्याला सांगण्याची तयारी.

पुण्यातील अशा एका थडग्यात आम्ही मित्रमंडळी गेलो, तेव्हा आमच्यात शाळेत गणित शिकविणारे गुरुजी होते, औषधाच्या दुकानात उभी हयात घालविलेले नाना होते, केळीची बाग करणारे भाऊ आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आम्हां सर्वांच्या वहिनी होत्या, आणि गुरुजींची सातवीत शिकणारी भाचीही हट्टाने बरोबर आली होती. गुरुजी असल्यावर कोड्यांची काळजी कशाला, असे आम्ही सर्वांनी मनाशी धरूनच ठेवले होते. आणि गुरुजींनीही कर्तव्यबुद्धीने पुढारीपण स्वीकारले होते.

पहिले दालन म्हणजे संशोधकाचा तंबू. त्यातील पेटीचे कुलूप गुरुजींनी लवकरच उघडले. दुसऱ्या दालनात मात्र प्रकाश मंद होता, भिंतीवर कोल्ह्याच्या मुखाचा अनुबिस देव उभा होता, आणि खाली चार भांडी मांडलेली होती, ज्यांची झाकणे माणूस, वानर, कोल्हा आणि ससाणा यांच्या मस्तकांची होती. ही भांडी कल्पित नव्हेत. शव टिकविण्यासाठी अंतरिंद्रिये काढून घेतल्यावर प्राचीन इजिप्तमधील लोक ती अशा चार पात्रांत, चार रक्षक देवांच्या हवाली ठेवीत : मानवमुखी इम्सेतीकडे यकृत, वानरमुखी हापीकडे फुप्फुसे, कोल्ह्याच्या मुखाच्या दुआमुतेफकडे जठर आणि ससाणामुखी केबेहसेनुएफकडे आतडी. हृदय मात्र देहातच राहू देत. कारण परलोकात त्याचे वजन व्हावयाचे असे. मात ही सत्याची देवता. तिचे पीस एका पारड्यात, मृताचे हृदय दुसऱ्या पारड्यात, आणि निकालाची नोंद करणारा थोथ हा लेखक-देव आपल्या चित्रगुप्तासारखा हातात लेखणी घेऊन सज्ज, असे दृश्य तेथील मृतांच्या ग्रंथांत वारंवार चितारलेले आढळते.

आमच्या कोड्यात ही भांडी योग्य खोबणीत बसवावयाची होती. खोबण्यांवर चित्रे होती. पण कोणते चित्र कोणत्या इंद्रियाचे, हे आमच्यापैकी कोणालाच समजेना. गुरुजींनी चार वस्तूंच्या चोवीस मांडण्या होतात हे तत्काळ सांगितले, आणि त्या क्रमाने करून पाहण्याची तजवीज सुरू केली. तेवढ्यात नाना म्हणाले, “गुरुजी, थांबा. हे यकृत आहे. आमच्या दुकानातल्या तक्त्यावर असंच असतं.” एक खोबण निश्चित झाली. बाकीच्या तीन खोबण्यांचा दाखला मात्र भिंतीच्या पार खाली, जमिनीपासून दोन वितींवर कोरलेला होता आणि तो आमच्यापैकी कोणाही प्रौढाच्या दृष्टीस पडलेला नव्हता. ती मुलगी उकिडवी बसून तो केव्हाची पाहत होती. तिने एकदा “मामा” अशी हाक मारलीही होती; पण मामा मोजण्यात गुंतलेले होते.

तो क्षण मला या सर्व प्रकाराचे मर्म वाटतो, म्हणून त्याची फोड करणे अवश्य आहे. खालचा दाखला खाली कोरला गेला तो योगायोगाने नव्हे. अशी दालने रचणारे कारागीर एका उत्तराचे दोन भाग करून ते हेतुपुरस्सर दोन ठिकाणी ठेवतात : एक उंचावर, एक पायाशी, एक या दालनात, एक पलीकडच्या. एकच माणूस दोन्ही ठिकाणी एकाच वेळी असू शकत नाही. म्हणून एकाने पाहिलेले दुसऱ्याला सांगितल्यावाचून दार उघडत नाही. ज्या टोळीत एकच जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात, ती टोळी कितीही हुशार असली तरी रखडते. वय, हुद्दा, शिक्षण आणि नाते यांच्या उतरंडीवर आपला सारा सामाजिक व्यवहार चालतो. पण त्या दालनात ती उतरंड दाराबाहेर ठेवावी लागते, आणि ज्याला दिसले त्याने बोलावे व इतरांनी ऐकावे, एवढा एकच कायदा अमलात असतो. पुढच्या दालनात तराजूच्या कोड्यापाशी भाऊंनी दगड नुसते हातात तोलून त्यांचा भारानुसार क्रम लावला, आणि वहिनींनी भिंतीवरील नक्षीत एक कमळ उलटे असल्याचे दाखवून दिले, तोवर आमच्यात पुढारी असा कोणी उरलाच नव्हता, आणि गुरुजींच्या मुद्रेवर मला त्याचा आनंदच दिसला.

आता पडद्यामागील कारभार पाहू. भांडे खोबणीत बसताच दार कसे उघडते? भांड्याच्या बुडाशी एक लहान लोहचुंबक असतो, आणि खोबणीखाली काचेच्या नळीत दोन बारीक पट्ट्यांचा एक खटका. चुंबक जवळ आला की पट्ट्या एकमेकींस चिकटतात आणि मंडल पूर्ण होते. चारही मंडले पूर्ण झाल्याचा संदेश तळहातावर मावेल एवढ्या संगणकीय पाटीकडे जातो आणि ती दाराच्या कुलपाचा वीजपुरवठा तोडते. हे कुलूप विद्युत्‌चुंबकी असते. प्रवाह आहे तोवर लोखंडी पट्टीला ते घट्ट धरून ठेवते, आणि प्रवाह थांबताच सोडून देते. या रचनेत मोठे शहाणपण आहे. कारण वीज गेली तर दार बंद न होता उघडते. शेजारच्या खोलीत एक सूत्रधार कॅमेऱ्यांतून सर्व पाहत असतो; टोळी फार अडली तर तो ध्वनिक्षेपकातून अथवा पडद्यावर संकेत देतो. त्याचे कौशल्य केव्हा बोलावे यापेक्षा केव्हा गप्प राहावे यात अधिक असते, कारण वेळेपूर्वी दिलेला संकेत शोधाचा आनंद हिरावून घेतो.

या करमणुकीचा इतिहास फार जुना नाही. १९९० साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ‘द क्रिस्टल मेझ’ आणि फ्रान्समध्ये ‘फोर्ट बोयार’ असे कार्यक्रम सुरू झाले, ज्यांत स्पर्धकांना निरनिराळ्या दालनांतील कसोट्या ठराविक मुदतीत पार पाडाव्या लागत. पण तेथे सामान्य माणूस प्रेक्षकच होता. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात ‘फाइव्ह विट्स’ या संस्थेने ‘टूम’ नावाचे इजिप्शियन थडगे उभारले. मॅथ्यू डुप्लेसी या यंत्र-अभियंत्याच्या कल्पनेतून निघालेल्या या थडग्यात अनोळखी माणसांचीही एक टोळी करून वाटाड्यासह आत सोडीत, आणि कोडी सोडवीत पुढे नेत. पुढे २००७ साली जपानमधील क्योतो येथे ताकाओ कातो यांच्या ‘स्क्रॅप’ संस्थेने खऱ्या माणसांसाठी सुटकेचा खेळ रचला, ज्याची प्रेरणा संगणकावरील तशाच खेळांतून आली होती. २०११ साली बुडापेस्टमध्ये त्याला आजचे लहान खोलीचे रूप मिळाले, तेथून तो युरोपभर पसरला, आणि २०१४-१५ च्या सुमारास भारतातील मोठ्या शहरांत येऊन दाखल झाला.

परंतु यासाठी सर्वांना इजिप्तच का हवा, हा प्रश्न उरतोच. खानदेशच्या माणसाला इजिप्त हे नाव तसे अगदीच परके नाही; १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे तेथील कापूस बंद झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी आमच्या खानदेश-वऱ्हाडच्या आणि नाईलकाठच्या कापसाकडे एकाच वेळी हात पसरले होते. तथापि थडग्याचे वेड जगाला लागले ते नोव्हेंबर १९२२ नंतर. त्या महिन्याच्या ४ तारखेला राजांच्या दरीत हॉवर्ड कार्टर यांच्या मजुरांना दगडात कोरलेली एक पायरी लागली, आणि तिच्या तळाशी तुतनखामेन या अल्पवयात निवर्तलेल्या राजाचे, जवळजवळ अस्पर्श राहिलेले थडगे सापडले. चार लहान दालनांत पाच हजारांवर वस्तू दाटीने भरलेल्या होत्या, आणि त्यांची नोंद करून त्या बाहेर काढण्यास दहा वर्षे लागली. त्या वस्तूंत सेनेत नावाच्या पटखेळाचे पटही होते. म्हणजे मृत राजाने परलोकातही खेळावे अशी सोय त्याच्या लोकांनी केली होती.

उत्खननाचा खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन ५ एप्रिल १९२३ रोजी वारले, आणि वृत्तपत्रांनी फॅरोच्या शापाची कथा जगभर पसरविली. डासाच्या चाव्यावर वस्तरा लागून जखम चिघळली, हे त्यांच्या मृत्यूचे कारण. आणि ज्यांनी ते थडगे प्रत्यक्ष उघडले ते कार्टर पुढे १९३९ पर्यंत जगले. खेळाच्या दालनात शापाची धमकी देणारा आवाज ऐकू येतो तेव्हा मुलांना हे अवश्य सांगावे; त्यामुळे भीती कमी होते आणि कुतूहल कमी होत नाही.

खऱ्या थडग्यांत भिंतीतून सुटणारे बाण नसत. तेथील बंदोबस्त दगडाचा आणि चकव्याचा असे. खूफूच्या महान पिरॅमिडमध्ये चढत्या वाटेत ग्रॅनाइटचे अवजड ठोकळे बसविलेले आहेत आणि राजाच्या दालनापुढे वरून खाली सोडावयाच्या दगडी झडपांच्या खाचा आहेत. परंतु कोड्याच्या दृष्टीने सर्वांत विलक्षण रचना हवारा येथील, अमेनेमहेत तिसरा या राजाच्या पिरॅमिडची आहे. सुमारे इ. स. पूर्व १८०० च्या त्या वास्तूत पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री १८८८-८९ साली शिरले, तेव्हा त्यांना असे आढळले की, दक्षिणेकडून आत जाणारी वाट एका लहान दालनात येऊन संपते आणि पुढे काहीच नाही. खरी वाट छतात होती. छताचा कित्येक टनांचा दगड बाजूला सरकल्यावर वरच्या अंगाला दुसरा मार्ग लागत होता. तेथेही एक फसवा रस्ता दगडांनी भरून ठेवलेला, जेणेकरून चोराने तोच खरा समजून उपसत बसावे. अशी वळणे घेत घेत अखेर राजाचे दालन येत होते, आणि ते कोरले होते शंभर टनांहून अधिक वजनाच्या एकाच कठीण शिलेतून. त्यावरचा झाकणाचा दगड खाली उतरविण्यासाठी त्याच्या आधाराखालची वाळू हळूहळू वाहू देण्याची युक्ती योजली होती. एवढे करूनही चोर प्राचीन काळीच आत पोचले होते. ज्याअर्थी एका माणसाने कोडे घातले आहे त्याअर्थी दुसरा माणूस ते सोडवू शकतो, हा नियम फॅरोच्या हुकुमालाही बदलता आला नाही.

इजिप्तने घातलेले सर्वांत मोठे कोडे मात्र थडग्यात नव्हते, लिपीत होते. १७९९ साली रोझेटा येथे एक शिला सापडली, जिच्यावर एकच मजकूर चित्रलिपीत, लोकव्यवहाराच्या लिपीत आणि ग्रीकमध्ये कोरलेला होता. इंग्लंडमध्ये टॉमस यंग यांनी लंबवर्तुळाकार चौकटीतील टॉलेमी हे राजनाम ओळखून वाटचाल सुरू केली. फ्रान्समध्ये शाँपोलियाँ यांनी, कॉप्टिक भाषेच्या आपल्या गाढ ज्ञानाच्या बळावर, ही चिन्हे काही ठिकाणी ध्वनी दाखवितात, काही ठिकाणी अर्थ, आणि काही केवळ शब्दाचा वर्ग सांगतात, हे ओळखले व सप्टेंबर १८२२ मध्ये आपला निष्कर्ष जाहीर केला. श्रेय कोणाचे, यावरून पुढे दोन्ही देशांत दीर्घ वाद झाला. वस्तुस्थिती अशी दिसते की, उत्तराचा एक तुकडा एकाला दिसला होता आणि बाकीचे दुसऱ्याला. खोबण्या आणि भांडी दोन विद्वानांच्या हातांत विभागलेली होती. खेळाच्या दालनात ही लिपी बहुधा बाळबोध मुळाक्षरांसारखी, एका चिन्हाला एक अक्षर अशी वापरतात. खेळापुरते ते क्षम्य आहे. पण घरी परतल्यावर मुलांना खरी गोष्ट सांगितली तर ती खेळापेक्षाही त्यांना अधिक रमविते, असा माझा अनुभव आहे.

ज्यांना खऱ्या इजिप्तची ओढ लागेल त्यांनी खानदेशातून फार दूर जावयास नको. भुसावळ-जळगावकडून तापीकाठच्या रेल्वेने सुरत आणि पुढे वडोदरा गाठले की, सयाजीबागेतील संग्रहालयात एक ममी पाहावयास मिळते. ते संग्रहालय सयाजीराव गायकवाड महाराजांच्या कारकिर्दीत उभे राहिले. आणि ते महाराज मूळचे मालेगावजवळच्या कवळाणे गावचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. ज्या मुलाचे बालपण शेतावर गेले त्याने राज्य हाती येताच आपल्या प्रजेला जगाचे दर्शन घडावे म्हणून देशोदेशींच्या वस्तू आणविल्या, ही गोष्ट मनात ठेवून त्या दालनात जावे. तेथे काचेमागे पहुडलेली ती कोणा माणसाची काया आहे. तिच्या आप्तांनी तिला अनंतकाळ टिकविण्यासाठी आपली सारी विद्या खर्ची घातली होती. खेळातल्या कापडी ममीकडे पाहून किंचाळणाऱ्या मुलांना एकदा ही खरी काया दाखवावी, म्हणजे आदर आणि करमणूक यांच्यातील अंतर त्यांना उपदेशावाचून कळेल.

आता एका गंभीर बाबीचा तपशील देणे मी कर्तव्य समजतो. ४ जानेवारी २०१९ रोजी पोलंडमधील कोशालिन येथे अशा एका खेळघरास आग लागून पंधरा वर्षे वयाच्या पाच मुली गुदमरून मरण पावल्या. त्या एकीचा वाढदिवस साजरा करण्यासाठी आल्या होत्या. आपल्याकडे २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनला लागलेल्या आगीत लहान मुलांसह पंचविसांहून अधिक जीव गेले. म्हणून आत जाण्यापूर्वी काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. दार आतून उघडण्याची कळ कोठे आहे? वीज गेली तर कुलूप सुटते काय? दुसरी वाट कोणती? अग्निशमन दलाचा दाखला आहे काय? आत ज्योत अथवा गॅसची शेगडी तर नाही ना? ज्या ठिकाणी हे प्रश्न विचारल्यावर चालकाच्या कपाळाला आठी पडते, तेथून परत फिरण्यात कमीपणा नाही. कोंडल्याचा खेळ खेळावा. प्रत्यक्षात कोणी कोणाला कोंडू नये.

हे सर्व लिहिताना माझ्या मनात सतत आमचाच मुलूख आहे, आणि त्याचे कारण भावनिक नाही. चाळीसगावजवळ पाटण येथे, जेथे आज लोक पाटणादेवीच्या दर्शनाला जातात, डॉ. भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख सापडला. बाराव्या शतकातील थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. त्याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून इ. स. १२०७ च्या सुमारास पाटणला मठ स्थापन केल्याचे त्या लेखात नमूद आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ इ. स. ११५० च्या सुमारास रचलेली. आणि ती प्रायः कोड्यांतून बोलते. सरोवरात पाण्यावर अर्धा हात वर आलेले कमळ वाऱ्याने कलले आणि दोन हात अंतरावर जाऊन बुडाले. तर पाणी किती खोल? वाचकाने कागद घेऊन स्वतः करून पाहावे : कमळाचा देठ हा कर्ण, पाण्याची खोली हा एक भुज, दोन हात हा दुसरा. उत्तर येते पावणेचार हात. हे प्रश्न बाला, मृगाक्षी अशा प्रेमळ संबोधनांनी विचारलेले आहेत. ती लीलावती आचार्यांची कन्या होती अशी आख्यायिका आहे, आणि ती खरी असो वा नसो, एवढ्या मोठ्या आचार्याने आपले शास्त्र एका मुलीला उद्देशून सांगावे, यातच कोड्यापुढे वयाचा आणि अधिकाराचा मान चालत नाही याची कबुली आहे.

त्याहूनही ठसठशीत कबुली आमच्या तालुक्यात, तापी-पूर्णेच्या संगमावर आहे. तेथील चांगदेवाच्या मंदिराशी निगडित परंपरा सांगते की, चौदाशे वर्षे तपश्चर्या केलेल्या योगी चांगदेवाने (हा पाटणच्या ज्योतिष्याहून निराळा) ज्ञानदेवांना पत्र लिहावयास घेतले. पण वयाने लहान आणि ज्ञानाने थोर असलेल्या पुरुषाला आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे न उलगडल्याने कागद कोराच पाठविला. त्या कोऱ्या कागदाचे कोडे भावंडांपुढे आले, तेव्हा एवढी वर्षे जगूनही हा कोराच राहिला हे बोलली ती सर्वांत धाकटी मुक्ताई. निवृत्तिनाथांच्या आज्ञेवरून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले. आणि पुढे चांगदेवाने गुरू केले ते या लहानग्या मुलीलाच. तिच्या नावाने चालत आलेल्या कूट अभंगांवर आजही कीर्तनकार तास तास निरूपण करतात. ज्या गावाने तिचे नाव धारण केले, त्या गावच्या लोकांना पुण्याच्या दालनात ‘मामा’ अशी हाक मारणाऱ्या मुलीचे ऐकावयास उशीर लागला, ही गोष्ट मी विसरू शकलेलो नाही, आणि ती विसरू नये असे मला वाटते.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, फॅरोचे थडगे जरूर पाहावे, मित्रांसह पाहावे, लहानांना बरोबर न्यावे. पण त्यातील कारागिरी शिकून घेऊन आपल्या शाळांतून आपल्या मुलुखाची दालने उभारावीत. पाटणच्या मठाचे एक दालन असावे, ज्याचे कुलूप कमळाच्या कोड्यातील पावणेचार या उत्तराने उघडेल. दुसरे असावे कोऱ्या कागदाचे, ज्यावरील मजकूर केवळ खालून तिरका प्रकाश पडला तरच दिसेल, आणि तो प्रकाश धरण्याची जागा लहान मुलाच्या उंचीवर असेल. तिसरे बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचे असावे. १६१५ साली अब्दुल रहीम खानखानाच्या अमदानीत तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी विहिरींच्या साखळीतून, केवळ उताराच्या बळावर, जमिनीखालून शहरात आणले. त्या उताराचे गणित मुलांनी नळ्या आणि पाणी घेऊन स्वतः सोडवावे. यासाठी लागेल ते सामान म्हणजे जुन्या पेट्या, आकड्यांची कुलपे, पुठ्ठे, काही चुंबक आणि एखाद्या वायरमनची दोन दिवसांची मदत. दारे पडद्यांची असावीत, खरी बंद होणारी नकोत. कोडी वरच्या वर्गांतील मुलांनी रचावीत. कारण कोडे सोडविण्यापेक्षा ते रचण्यात विषय अधिक खोल समजतो, आणि दुसऱ्याला काय दिसेल व काय दिसणार नाही याचा विचार करण्याची सवय लागते.

याला खर्च कोठून आणावा, असे कोणी विचारील. पाटणच्या त्या शिलालेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात गावच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातून व तेलाच्या घाण्यांतून मठाला काय द्यावयाचे याची व्यवस्था लावून दिलेली आहे. आठशे वर्षांपूर्वी ज्या मुलुखातील व्यापारी आणि तेली यांनी गणिताच्या अभ्यासासाठी आपल्या उत्पन्नातून वाटा काढला, त्या मुलुखातील गावांना मुलांच्या कोड्यांसाठी चार पेट्या आणि दहा कुलपे जड जाऊ नयेत.